दोऱ्याचं कडं

उजव्या हातात बारा हिरव्या बांगड्या भरून झाल्या आणि जैतूनचाची थांबली. तिनं सुलोचनाचा डावा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत बघितलं आणि परत सतरंजीवर ठेवला.

"काय झालं गं?" दारातून आक्कानं विचारलं.

"ह्या हातात जाणार न्हाईत, आक्का. हात सुजलाय."

"साबण लाव."

"साबण लावून बघितला. ह्या गाठी आडव्या येत्यात. दाबून घातल्या तर कातडी फाटंल."

"मेलेल्या माणसाला दुखतंय व्हय? घाल दाबून. बारा न्हाई तर पाच घाल. पण मोकळा हात घेऊन माझी भावजय ह्या घरातनं जाणार न्हाई."

मी सुलोचनाच्या उशाशी बसलो होतो. पहाटेपासून मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. कोण आलं, कोण रडलं, कुणी अंघोळ घातली, हिरवं लुगडं कुणी आणलं, यातलं मला फारसं कळलं नव्हतं. हे मात्र कळलं.

"त्या हाताला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो.

खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. जैतूनचाचीनं बांगड्यांची माळ खाली ठेवली. आमच्या गल्लीत तीस वर्षं ती बांगड्या भरत आली. सुलोचना लग्न होऊन इचलकरंजीत आली तेव्हा तिच्या हातात पहिल्या बांगड्या तिनंच भरल्या होत्या.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. त्या दिवशी काय झालं ते गल्लीतल्या लोकांनी आपापल्या परीनं सांगितलं. कुणी सांगितलं बळवंत डाक्याच्या डोक्यावर परिणाम झाला, कुणी सांगितलं बायकोचं मढं अडवून धरलं. अडवलं हे खरं आहे. डोकं माझं ठिकाणावर होतं.

तो हात कसा होता ते आधी सांगतो. सुलोचनाच्या किडन्या गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. आठवड्यातून तीन दिवस तिला मशीनवर रक्त साफ करायला न्यावं लागायचं. त्यासाठी डाव्या हातात ऑपरेशन करून दोन नसा एकमेकींना जोडल्या होत्या. मोठ्या दोन सुया तिथं टोचायच्या. टोचून टोचून मनगटाच्या वर दोन लिंबांएवढ्या गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ह्या हातात बांगडी नको, घड्याळ नको, ह्या कुशीवर झोपायचं नाही, ह्या हातानं कळशी उचलायची नाही. हा हात गेला तर माणूस गेलं.

नस चालू आहे का ते बघायची खूण अशी की त्या जागेवर बोट ठेवलं की आत थरथर लागायची. डॉक्टरांनी रोज सकाळी बघायला सांगितलं होतं. तिच्याआधी मीच बघायचो. पॉवरलूमच्या कारखान्यात भिंतीला हात लावला तर भिंत जशी थरथरते, अगदी तशी. मी म्हणायचो, "माग चालू आहे." ती म्हणायची, "मग चहा टाका." चार वर्षं आमची सकाळ अशीच उजाडली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पार्वती. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. लग्न झालं आणि सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आमच्याच गल्लीत राहायला आली. तेव्हापासून गल्लीतलं लग्न असो की मयत, सगळं तिच्या सांगण्यावरून चालायचं, पण चालायचं लांबूनच. शुभकार्यात ती दारात उभी राहायची आणि तिथून हुकूम सोडायची. त्या दिवशीही ती उंबऱ्याच्या बाहेर होती. सवाष्ण बाई गेलेली, तिची ओटी भरायची, कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या. विधवेनं शिवायचं नाही. हा नियम आक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. ती स्वतःच तो दुसऱ्यांना सांगायची.

"बळवंता," ती म्हणाली, "तुला दुःख झालंय, मला कळतंय. तू बाहेर जाऊन बस. हे बायकांचं काम हाय."

"मी बसलोय इथं बरा आहे."

"मग बस, पण आडवा येऊ नगंस. अहेव गेली ती. भरल्या कपाळानं गेली. एवढं पुण्य कुणाच्या वाट्याला येत न्हाई. एक हात भरलेला आणि एक मोकळा, असं कुणी पाठवतंय का? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते लोकांनी तिच्या जिवंतपणीच म्हणून घेतलं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला माझ्या चुलतभावाच्या, रावसाहेबच्या घरी बायका जमल्या होत्या. तिथं रावसाहेबची बायको मालन सुलोचनाचा डावा हात बघून म्हणाली, "एका हातानं सवाष्ण आणि एका हातानं विधवा. देवीनं तरी कुठल्या हाताला बघून कुंकू द्यायचं?" सगळ्या हसल्या. सुलोचनाही हसली. घरी येऊन तिनं मला ते सांगितलं तेव्हाही हसतच सांगितलं. मग म्हणाली, "मला हिरवं सूत आणून द्या. चांगलं, पीळ बसलेलं. ह्या हातासाठी कडं करते. दोऱ्याचं. सैल असलं की डॉक्टर नाही म्हणणार नाहीत."

दोऱ्याचं कडं करायला ती दवाखान्यातच शिकली होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची मुलगी बाप मशीनवर असताना चार तास दोऱ्याच्या गाठी मारत बसायची. मॅक्रम म्हणतात त्याला. परीक्षेला पोरं नेतात तसलं पॅड घ्यायचं, त्याच्या चापात चार दोरे अडकवायचे, मधले दोन ताठ धरायचे आणि बाजूच्या दोघांनी त्यांच्याभोवती गाठी मारत खाली यायचं. सुलोचनानं बघून बघून उचललं. वर्षभरात ती इतरांना शिकवायला लागली. मशीन नसलेल्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत चार-पाच बायका, पोरी यायच्या. दारावर तिनं स्वतः पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, 'येथे दोऱ्याचे कडे शिकवले जाईल. पहिल्या गाठीपासून.'

मी तिचा पहिला विद्यार्थी. त्याचं कारण असं की मशीनवर असताना तिचा डावा हात चार तास हलवायचा नसायचा. काम तर करायचं असायचं. मग पॅड मी मांडीवर धरायचो. डावीकडची गाठ मी मारायचो. उजवीकडची ती एका हातानं मारायची, मी फक्त टोक ओढून द्यायचो. एक माझी, एक तिची. अशी आम्ही किती कडी केली असतील त्याला मोजदाद नाही.

मी वहिफणीचं काम करायचो. मागावरचा बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपत आला की नव्या बीमाचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडायचा. एका बीमाला अडीच-तीन हजार धागे, म्हणजे तेवढ्या गाठी. चाळीस वर्षं माझी बोटं हेच करत आली. तरीही एकट्यानं कडं करायला बसलो की माझं काम पीळ खायचं. पट्टी सपाट यायला पाहिजे, ती जिन्यासारखी गोल गोल फिरायची. सुलोचना बघायची आणि म्हणायची, "एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तुम्ही आपलं डावं डावंच चालवलंय. उसवा." पोरींच्या देखत म्हणायची. पोरी फिदीफिदी हसायच्या. मी उसवायचो. उजवी गाठ मला कधी बसलीच नाही. गरजच पडली नव्हती, ती बाजू तिची होती.

ते हिरवं कडं तिनं ज्येष्ठात करायला घेतलं आणि तब्येत बिघडली. दवाखान्यात आम्ही दोघांनी मिळून ते जेमतेम निम्म्याच्या पुढे नेलं होतं. तीन बोटं राहिलं होतं. पॅड तसंच भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं, तिच्या डोक्यावर.

मी उठलो आणि पॅड काढून घेतलं.

"आता हे काय?" आक्का म्हणाली.

"हे त्या हातात जाणार आहे. थोडं राहिलंय. पुरं करतो."

"दोरा?"

"दोरा."

"सवाष्णीच्या हातात काचेची बांगडी असती. दोरा असतोय का?"

"तिनं ह्याच हातासाठी केलंय. स्वतः केलंय. दुसरं काही ह्या हातात जाणार नाही."

मी सुलोचनाच्या उशाशी परत मांडी घातली आणि पॅड मांडीवर घेतलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणीतरी बाहेर जाऊन पुरुषांना सांगितलं असावं, कारण रावसाहेब आत आला. तिरडी बांधून झाली होती, मडकं तयार होतं. साडेबाराला अमावास्या लागत होती आणि त्याच्या आत उचलायचं असं त्यानं आणि भटजींनी ठरवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

रावसाहेब माझ्यासमोर उकिडवा बसला. त्यानं समजुतीच्या आवाजात बरंच काही सांगितलं. सगळे खोळंबलेत, दोन कारखाने बंद ठेवून माणसं आली आहेत, वहिनींना अशा वेळी अडवून ठेवणं बरं नाही, त्यांच्या जिवाला वाट मोकळी करून द्यायला पाहिजे. मी गाठी मारत होतो.

"किती वेळ लागंल?" शेवटी त्यानं विचारलं.

"होईल तेव्हा होईल."

"अमावास्या लागतीया, दादा."

"लागू दे."

"लोक थांबणार न्हाईत. खांदा द्यायला माणूस मिळणार न्हाई."

"चौघं तर लागतात. नाही मिळाले तर कारखान्यातली हातगाडी आहे. आयुष्यभर बीम नेले, तिलाही नेईन."

रावसाहेब उठला. बाहेर जाऊन तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. दोन माणसं चपला घालून निघून गेलेली मात्र खिडकीतून दिसली.

आक्का गेली नाही. ती उंबऱ्याशीच उभी होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि हळू आवाजात, फक्त मला सांगावं तसं बोलायला लागली. तिचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बळवंता, मी तुझ्या वाईटावर न्हाई. सुली माझ्या डोळ्यांदेखत ह्या घरात आली. तिला पोर झालं न्हाई, तिनं दुखणं काढलं, लोकांचं ऐकून घेतलं. आज एक दिवस तिचा हाय. आज सगळ्या बाया तिच्या पाया पडणार. मला जे मिळालं न्हाई ते तिला मिळालंय. ते तू तिच्या हातातनं काढून घेऊ नगंस."

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं.

"तुझ्या हातातलं काढून घेतलं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं, आक्का?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पंचगंगेच्या घाटावर वरच्या पायरीवर उभा होतो. खाली बायकांनी आक्काला धरून बसवलं होतं आणि एकीनं तिचे दोन्ही हात दगडावर ठेवून वरून दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. आक्का ओरडत नव्हती. फक्त हात मागं ओढत होती. उजव्या मनगटाला काच लागली आणि रक्त आलं. त्या बायकांनी दोन्ही हात नदीत बुडवले आणि तिला उठवलं. मी वरून बघत राहिलो. एक पायरीही खाली उतरलो नाही.

मी मान खाली घालून गाठी मारायला लागलो.

सहा-सात गाठी झाल्या आणि पट्टी फिरली. मला ते कळत होतं. डावं, डावं, डावं. मी पाच गाठी उसवल्या आणि उजवीकडून मारून बघितली. ती बसली नाही, दोरा मधल्यांच्या वरून जायच्या जागी खालून गेला आणि सगळा गुंता झाला. परत उसवलं. घड्याळात बाराला पाच कमी होते. तीन हजार गाठींचा बीम मी एका दिवसात उतरवलेला आहे आणि त्या तीन बोटांच्या पट्टीपुढं माझे हात चालेनात.

खोलीत कुजबूज सुरू झाली. मालनचा आवाज मला ओळखू आला. ती म्हणत होती, बघा, दोरासुद्धा नको म्हणतोय.

"वाकडं व्हायलंय," आक्का दारातून म्हणाली.

"माहीत आहे."

"मग सरळ का करीनास?"

"उजवी बाजू ती करायची. मला एकच बाजू येते."

हे बोलल्यावर मला रडू फुटलं. पहाटेपासून पहिल्यांदा. मी पॅड तोंडापुढं धरलं आणि तसाच बसलो.

लुगड्याचा आवाज आला, बायका सरकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी माझ्या उजव्या बाजूला येऊन बसलं. मी पॅड खाली घेतलं. आक्का होती. सुलोचनाच्या खांद्याला तिचा गुडघा लागलेला होता.

"आक्का, तुम्ही शिवू नका," मालन म्हणाली. "ओटी भरलीया. सवाष्णीचं लेणं हाय, तुमचा हात…"

"माझा हात मोकळाच हाय," आक्का म्हणाली. "तुम्हा सगळ्यांचे भरलेले हायेत. मोकळ्या हातालाच काम करायला बरं पडतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कसं करायचं ते सांग."

मी सांगितलं. सुलोचना पहिल्या दिवशी पोरींना सांगायची तेच शब्द माझ्या तोंडात आले. "मधले दोन हलवायचे नाहीत. ते उभे. बाजूचे दोन फिरतात. उजवा दोरा घे, मधल्या दोघांच्या वरून डावीकडं ने. आता डावा त्याच्यावर टाक. तोच डावा मधल्यांच्या खालून उजवीकडं काढ. तिथं फासा राहिलाय बघ, त्यातून वर घे. ओढ."

आक्काची पहिली गाठ ढिली बसली.

"उसव," मी म्हणालो.

"आत्ताच?"

"ढिली राहिली तर खालचं सगळं ढिलं पडतं. उसव आणि ओढून मार."

"तुटंल की रं."

"मी पीळ घातलेलं सूत आहे. तुटत नाही."

तिनं उसवलं आणि परत मारली. तिची बोटं जाड झाली होती, नखांत गवऱ्यांचं शेण होतं. जीभ ओठांत धरून ती दोरा ओढत होती. दुसरी गाठ बसली. मी डावी मारली. तिनं उजवी मारली. पट्टी सरळ आली.

"आलं की," ती म्हणाली. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं असावं.

एक माझी, एक तिची. मध्येच तिच्या लुगड्याचा काठ सुलोचनाच्या तोंडावर आला, तो तिनं हळूच बाजूला केला. कपाळावरचं कुंकू थोडं पुसलं गेलं होतं, तेही तिनं बोटानं नीट केलं. तिथं बसलेल्या बायकांनी ते पाहिलं. विधवेच्या हातानं सवाष्णीचं कुंकू नीट केलेलं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नसेल. जैतूनचाचीनं तोंड फिरवलं आणि आपल्या पदरानं डोळे पुसले. साडेबारा वाजून गेले. घड्याळाकडं बघायचं मी सोडून दिलं होतं. बाहेर रावसाहेब पायरीवर बसून राहिला होता. तो गेला नव्हता, हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगतो.

कडं पुरं झालं तेव्हा एकला दहा मिनिटं होती. पॅडच्या चापातून मी ते सोडवलं. अर्धं सुलोचनानं आणि मी केलेलं, मध्ये दोन-तीन गाठींचा जरासा पीळ राहून गेलेला, आणि शेवटचं आक्कानं आणि मी केलेलं. तिची गाठ कुठली आणि सुलोचनाची कुठली ते बारकाईनं बघितलं तर कळत होतं. आक्काच्या गाठी मोठ्या होत्या.

मी डावा हात मांडीवर घेतला. थंड होता. कडं मनगटाभोवती घेतलं, सुयांच्या गाठींच्या खाली, एक बोट जाईल इतकं सैल. शेवटी दोन्ही टोकं एकत्र घेऊन सरकती गाठ मारायची असते, म्हणजे कडं हवं तेव्हा मोठं करून काढता येतं. ती गाठ सुलोचना सगळ्यांत शेवटी शिकवायची. मला ती शिकायची राहून गेली होती. आक्का माझ्याकडं बघत होती, मला येत असेल असं धरून.

मी वहिफणीची गाठ मारली. मला जी चाळीस वर्षं येत होती ती. ती ओढली की आवळते आणि परत सुटत नाही. सैल आणि सरकती गाठ हवी होती ती रोज रात्री कडं काढून ठेवण्यासाठी. आता काढायचं नव्हतं.

टोकं कापली. मग सवयीनं माझं बोट जिथं थरथर लागायची त्या जागेवर गेलं. पहाटेही गेलं होतं. पहाटे मी बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसलो होतो आणि कुणाला हाक मारली नव्हती. आताही थोडा वेळ ठेवलं.

"झालं?" आक्कानं विचारलं.

"झालं."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. खोलीतल्या सगळ्या बायकांकडं तिनं एकदा नजर फिरवली. कुणी काही बोलतंय का बघितलं. मग ती दाराकडं तोंड करून, रोजच्या हुकमाच्या आवाजात म्हणाली, "उचला आता."

अमावास्या लागून गेली होती. खांद्याला चारापेक्षा जास्त माणसं होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा बांगड्यांची काच वितळून झालेले हिरवे मणी राखेत सापडले. दोऱ्याचं काही राहिलं नव्हतं. सुती होतं ते.

तेराव्यापर्यंत आक्का रोज यायची, भांडी घासायची, भाकरी टाकायची, पण त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही आणि मीही बोललो नाही. गल्लीत मात्र बोलत होते. मालननं हळदीकुंकवाच्या बायकांना सांगितलं होतं की आता त्या घरात पाय ठेवायचा नाही, तिथं अमावास्येला अपशकुन झालाय. आक्काला लग्नाच्या कामाला बोलवायचं नाही असंही ठरलं म्हणे. हे आक्कानंच मला सांगितलं, भाकरी थापता थापता, बाजारभाव सांगावा तसं.

तेराव्याला पाहुणे जेवून गेले. दुपारी मी पुढच्या खोलीत एकटा बसलो होतो. दारावरचा पुठ्ठा काढावा की ठेवावा याचा विचार करत होतो. आक्का हात पुसत आली आणि समोर बसली.

"ते हिरवं सूत उरलंय का?"

"आहे."

"किती?"

"एका हाताला पुरेल."

तिनं उजवा हात पुढं केला. मनगटावर पांढरी रेघ होती, बोटभर लांबीची. बेचाळीस वर्षं मी ती रेघ बघत आलो होतो आणि तिच्याकडं बघायचं टाळत आलो होतो. त्या वेळी मी बघितली. आक्कानं मला बघू दिली.

"निळंही आहे," मी म्हणालो. "पांढरं आहे."

"हिरवंच दे."

"लोक बोलतील, आक्का."

"बोलू देत. अमावास्येला लागू दे म्हणाला हुतास न्हवं?"

मी उठलो, पॅड आणलं, चार दोरे मोजून कापले आणि चापात अडकवले. तिला वाटलं मी करून देणार. तिनं हात तसाच पुढं धरला होता.

"हात खाली घे," मी म्हणालो. "मी बांधून देणार नाही. स्वतः कर. उजवं तुला येतं, डावं मी शिकवतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चुकलं तर उसवायचं."

"आणि शेवटची गाठ?"

"ती दोघांनाही येत नाही. तिच्या वर्गातल्या पोरींना विचारू."

आक्कानं पॅड मांडीवर ओढून घेतलं.

"मास्तर म्हणं," ती म्हणाली. "निम्मंच येतंय आणि वर उसवायला सांगतोय." आणि तिनं पहिली गाठ घातली.